अप्पांनी घातलेलं पाणी

आमच्या संतपूर भागात बापलेक एकमेकांसमोर पीत नाहीत. दोघंही पितात, दोघांनाही ते ठाऊक असतं, गावालाही असतं; पण समोरासमोर नाही. एकदा हुमनाबादच्या ढाब्यात मी शिरलो आणि कोपऱ्यात बसलेल्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ग्लास झटकन टेबलाखाली धरला. मी न पाहिल्यासारखं करून बाहेर आलो.

पुण्याच्या कंपनीनं मला कामासाठी जपानला पाठवलं. येताना मी एक सिंगल माल्ट व्हिस्की आणली. अठरा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. दुकानात गिऱ्हाईकाला एकच देत होते. गावी आलो त्या दुपारी आई बीदरला मावशीकडे गेलेली. अप्पांनी बाटली उन्हात धरून न्याहाळली आणि म्हणाले, "दोन गिलास आण की."

दोन! चाळिशीचा घोडा झालो होतो, तरी पोरासारखा पळत जाऊन ग्लास आणले. मी ओतली. सागवानी पेटीचा, खारकेचा वास सुटला. डोळे मिटून एक घोट घेतला. उघडले, तर अप्पा तांब्यातलं पाणी आपल्या ग्लासात ओतत होते, पार काठोकाठ.

"अप्पा, काय करायलाव! वाटोळं केलाव की सगळं. ह्यात पाणी घालतेत व्हय? ही नुसती पितेत, वास घेत घेत!"

"व्हय का? मला काय माईत." त्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला. "तू पी. मी विहिरीवरली मोटार बघून येतो."

त्या वेळेला शेतात वीज नसायची. हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी मी त्यांना थांबवलं नाही. शहाणपण अंगात भिनलं होतं ना! वर त्यांचा ग्लास मोरीत ओतून दिला.

पुढच्या सुट्टीत मीच विचारलं, बसायचं का. "पित्त व्हायलंय बाबा," म्हणाले. त्याच हिवाळ्यात, तुरीची रास चालू असताना, खळ्यावर बसल्या जागी गेले.

पाच महिन्यांनी मी पुन्हा जपानला गेलो. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते म्हातारे कारागीर मला जेवायला घेऊन गेले. त्यांनी तीच व्हिस्की मागवली, दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि वर दुप्पट पाणी घातलं. मी बघतच राहिलो. ते मोबाइलमध्ये बोलले आणि मोबाइलनं मला मराठीत सांगितलं, आमच्याकडे जेवताना बरेच जण अशीच पितात.

मी घोट घेतला. चांगली होती. खरंच चांगली होती. मला माझी इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

आवडली नाही का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझे वडीलही अशीच पाणी घालून पितात. 'पितात' असंच तोंडातून गेलं.

म्हातारे खूश झाले. पुढच्या खेपेला त्यांना घेऊन या, आम्ही दोघं बसू, म्हणाले. मी मान डोलावली. अप्पा त्यांच्यासमोर बसले असते, उठून गेले नसते.