वांगाचे डाग

माझ्या बायकोच्या गालांवर वांगाचे डाग होते. धाकटीच्या वेळी आले ते गेलेच नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या डागांचा आधार वाटायचा. तिच्याकडे कोणी वळून बघत नव्हतं, हे मला बरं होतं.

मग ती सुप्याला कामाला लागली. तिथल्या एका लहान कारखान्यात मोसंबीच्या साली वाळवून त्यांचा अर्क काढतात, तोंडाला लावायच्या क्रीमसाठी. साहेबांनी कामावरच्या बायकांना वापरून बघायला बाटल्या दिल्या. ही रोज निजताना थेंबभर चोळायची. दिवाळी ते होळी, डाग फिके होत गेले. साली आणणारा टेम्पोवाला तिला म्हणाला, "वहिनी, वळखूच येत न्हाई तुमी आता!" हे तिनंच मला हसत हसत सांगितलं. तसं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. साहेब, टेम्पोवाला, ती बाटली, सगळ्यांवर माझा जीव जळायला लागला.

एक दिवस मी म्हणालो, "त्या बाटलीत काय ठेवलंय? घरचं लिंबू हाय की. सकाळी पिळून लाव, धुऊ नको, तशीच जा."

आमची लिंबाचीच बाग. रस लागलेला हात उन्हात राहिला की फोड येतात आणि मागं काळे डाग राहतात, हे तोडणीवाल्या कुठल्याही बाईला विचारा. माझ्या मनगटावर तसलेच डाग आहेत.

चैत्राच्या उन्हात ती स्कुटीवरून जात राहिली. थोड्याच दिवसांत उजवा गाल भाजल्यासारखा झाला. फोड बसले, पण डाग आधीपेक्षा गडद राहिला.

"तुमाला ठाऊक नव्हतं का हो?"

"न्हाई."

तिनं ते खरं मानलं. परवा माझ्यासमोरच शेजारणीला सांगत होती, "लिंबू लावून उन्हात जाऊ नगं बाई. ह्यांचा जल्म लिंबात गेला, पर ह्यांनाबी ठाऊक नव्हतं."

शेजारीण खिदळली. "लिंबवाल्याला न्हाई, मंग काय कांदेवाल्याला ठाऊक असतंय व्हय?"

बायको हसली नाही. माझ्या मनगटाकडे बघत राहिली.

शेजारीण गेल्यावर मीच म्हणालो, "ठाऊक हुतं."

"मंग?"

"तू हसाया लागली हुतीस."

इतके दिवस घरातही ती पदर गालावर ओढून असायची. आता ओढत नाही. तो गाल माझ्याकडे करून जेवायला वाढते.