बगळीचं पहिलं नाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही. ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तो आत्ता बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून शेंगा फोडतोय — माझा नवरा, सुदाम. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही. आणि खरं सांगू? ते दिवस आठवले की मला अजून हसू फुटतं. असं हसू येणं बरं आहे का? माहीत नाही.

आमच्याकडे एक गाडी होती. जुनी, पांढरी, चार दारांची. माझा भाऊ विजय — त्याने ती भंगारातून उचलून आणली, आणि तिच्या इंजिनात तो असा बुडाला की आई म्हणायची, ह्याला जेवायलाही बॉनेटवरच वाढते. नाव ठेवलं बगळी. तिला ड्रॅग रेसमध्ये उतरवायचं होतं: सरळ पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. चालवणार कोण? मी. का? तर सगळ्यांत वजनाने मी हलकी! देहूरोडची पोरगी, तळेगावच्या एका कारखान्यात ऑफिसला जाणारी, आणि रविवारी डोक्यावर हेल्मेट. काय मजा यायची म्हणून सांगू...

बगळीचं नाक, म्हणजे पुढचा पत्रा, सुदामने केलं होतं. तेव्हा तो माझा कुणी नव्हता. उर्से गावच्या शेतकरी घरातला, विजयचा दोस्त, वराळ्याला त्याची पत्रा ठोकायची शेड. मला ‘मॅडम’ म्हणायचा आणि नजर मात्र गाडीवर ठेवायचा.

गाडीच्या नाकाची अडचण अशी, की पुढून मोठी जाळी ठेवली तर रेडिएटरला वारा मिळतो, इंजिन थंड राहतं. पण तोच वारा आत शिरून कोंडतो आणि गाडीला मागे ओढतो — उघडी छत्री समोर धरून पळून बघा, कळेल. जाळी बंद केली तर वारा वरून सुळकन निघून जातो, गाडी पळते. मग इंजिनाने श्वास घ्यायचा कुठून? सुदामने बेधडक सगळं बंद केलं. खाली बोटभर फट ठेवली, तेवढीच. विजय घाबरला, तर हा म्हणाला, “आरं, शर्यत हाय केवढी? दम धरला तर सोडायच्या आत संपती. तेवढ्यात न्हाई तापत. रांगेत हुबं असताना पंखा चालू ठेवायचा, बास.”

आणि काय देखणं नाक होतं ते! एकसंध, गुळगुळीत. मी त्यावरून हात फिरवला होता, कुणी बघत नाही असं बघून.

शर्यत लोणावळ्याच्या वरच्या पठारावर, एका खासगी धावपट्टीवर. ऊन चांगलंच होतं, रांग लांबलेली. आम्ही पंखा लावून, बॉनेट उघडून, वडापाव खात उभे. माझी पाळी आली. दिवा हिरवा झाला. बगळी अशी सुटली — अशी! — की माझ्याच तोंडातून किंकाळी निघाली, आनंदाची. शेजारची गाडी मागे पडली. आणि अर्ध्या पट्टीच्या पुढे बगळी एकदम लंगडल्यासारखी झाली, शेजारची सर्रकन पुढे गेली, आम्ही हरलो.

विजय धावत आला. “काय झालं गं?”

“काटा लालमध्ये गेला,” मी म्हणाले. “तापली.”

इथे जरा थांबते. चहा घेतला मध्येच, तर चालेल ना? नाही — राहू दे. सांगूनच टाकते.

काटा लालमध्ये गेलाच नव्हता. मी पाहिला होता, मधोमध उभा होता, शहाण्या माणसासारखा. झालं ते एवढंच: त्या पट्टीचा शेवट तुम्ही कधी पाहिलाय? पुढे जमीन दिसतच नाही. पठार संपतं आणि नुसतं आभाळ. थांबायला पुष्कळ जागा असते, हे मला माहीत होतं, चालत जाऊन बघून आले होते. पण त्या वेगात ते आभाळ अंगावर आलं, आणि माझा पाय उचलला गेला. घाबरले मी. बस. भ्याले आणि खोटं बोलले. हे दोन शब्द म्हणायला किती जीभ अडते, बघा.

पण खरी लाज त्याच्या पुढची. सगळे सुदामवर तुटून पडले. तरी सांगत होतो, असं कुठे बंद नाक असतं का, वगैरे. विजयने तर सगळ्यांसमोर त्याला येडा म्हटलं. सुदाम माझ्यासमोर येऊन, हातातला फडका पिळत म्हणाला, “मॅडम, चुकलो. माजा अंदाज चुकला. तुमच्या जिवाशी खेळ झाला.”

आणि मी काय केलं? मी त्याला माफ केलं! “जाऊ द्या हो, होतं असं.” मोठ्या मनाने! त्याची माफी मी खिशात घातली आणि उरलेला वडापाव संपवला.

दुसऱ्या दिवशी त्याने ते नाक स्वतःच्या हाताने कापलं. मी शेडमध्ये उभी होते. कापताना पत्रा करकरला, आणि मी तेव्हाही बोलले नाही.

आता पुढचं ऐका, कारण पुढे सगळा आनंदच आहे, आणि तोच तर मला टोचतो.

नसलेल्या रोगावर आम्ही वर्षभर औषध केलं. नाकाला भलंमोठं भोक पडलं आणि बगळी मंदावली. इतकी, की मला तिची भीती वाटेनाशी झाली! मग सुदाम भोक थोडं थोडं बुजवायला लागला. दर रविवारी, वराळ्याच्या पलीकडे एका कारखान्याच्या आवारातला रस्ता मिळायचा, मालकाच्या परवानगीने. आईच्या विणकामातल्या लाल लोकरीचे तुकडे आम्ही बॉनेटभर चिकटवले. वारा कुठे सरळ जातो, कुठे घोटाळतो, ते लोकर सांगते. मी गाडी चालवायची, विजय मोटारसायकलवर शेजारून, त्याच्या मागे बसून सुदाम फोनवर चित्रण करत, ओरडत, “मॅडम, लोकर नाचतीया! लय भारी!” रेडिएटरच्या कडेच्या फटी त्याने फोमने बंद केल्या, गरम हवा बाहेर पडायला बॉनेटला मागे खाचा दिल्या. भोक लहान होत गेलं, बगळीचा वेग वाढत गेला, आणि माझा पाय — कळलंच नाही कधी — जागेवरून हलेनासा झाला.

‘मॅडम’ची ‘अगं’ कधी झाली, तेही कळलं नाही.

पुढच्या शर्यतीत आभाळ पुन्हा तसंच अंगावर आलं. मी पाय दाबून ठेवला. दुसरे आलो आम्ही आमच्या गटात! विजय पट्टीच्या कडेला लोळण घेऊन नाचला. लग्न देहूरोडच्या विहारात झालं. सासूबाई आधी महिनाभर रुसल्या होत्या, त्या दिवशी मात्र सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसल्या. सुदाम येईल त्या पाहुण्याला सांगत होता, “गाडी तापली म्हणून आमचं जमलं.”

पण तो पहिल्या नाकापर्यंत परत गेलाच नाही. वीतभर भोकावर थांबला. त्या बंद नाकाने बगळी किती पळाली असती, ते आता कुणालाच कळणार नाही, कारण त्याचे तुकडे भंगारात गेले. आणि बंद नाक त्याने पुन्हा कुणालाच करून दिलं नाही.

गेल्या रविवारी तळेगावहून एक जण शेडमध्ये आला. त्याला शर्यतीच्या गाडीला अगदी तसंच नाक हवं होतं, पूर्ण बंद. सुदामचे डोळे क्षणभर चमकले, मी पाहिलं. मग त्याने मान हलवली.

“न्हाई भाऊ. एकदा केलंतं, फसलं. आमच्या हिलाच इचारा, तीच होती गाडीत. काटा लालमधी गेलता का न्हाई?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सुदाम हसत होता, ती जुनी गोष्ट निघाली की हसतो तसा, प्रेमाने.

मीही हसले. आणि म्हणाले, “हो, गेला होता.”