आल्याची हद्द

सकाळी साडेनऊला संपतचा फोन आला. "आई गेली. छातीत दुखलं, अन् गेली." संपत माझा मावसभाऊ, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. साताऱ्याहून निघून मी कराडजवळच्या त्याच्या गावी पोहोचलो, तेव्हा तो अंगणात जमलेल्यांना सांगत होता, "शेवटपातूर तिचा आल्यावरच इस्वास. दवाखान्यात जायाला तयारच न्हवती." माणसे माना डोलावत होती. या गोष्टीला दीड महिना झाला. संपतचे ते वाक्य खोटे आहे. ते गावभर झाले आहे, म्हणून हे लिहितो आहे.

अनसूयामावशी आल्याच्या शेतात वाढली आणि आल्याच्याच घरात सून म्हणून आली. आमटीत ती आले ठेचून घालायची, किसून कधीच नाही. किसले की निम्मा रस किसणीलाच जातो, असे तिचे म्हणणे. थंडीत आलेपाकाच्या वड्यांचा थाळा आठवड्याला एक. पोट फुगले तर आल्याचा रस, लिंबू आणि चिमूटभर सैंधव. सर्दीला सुंठ-गुळाची गोळी. मुक्या मारावर उगाळलेली आंबेहळद, कोमट करून. हे सगळे तालुक्यात इतर बायकांनाही येते. मावशीकडे माणसे यायची ती तिच्या प्रश्नासाठी, पण हे त्यांनाही ठाऊक नव्हते. "कुठं दुखतंय? दाव." माणसाने पोटावर बोट टेकवले तर ती आले सोलायला घ्यायची. छातीवर अख्खा तळहात ठेवला, किंवा नुसता घाम फुटलेला दिसला, तर घोटभर काढासुद्धा द्यायची नाही. शेजारचा एक बागायतदार असाच आला होता. "आवं काकी, वाईच रस तरी द्या," म्हणून हटून बसला. "काळजाला फोडणी घालू व्हय रं? ऊठ, गाडीत बस आधी!" तो माणूस आज ठणठणीत आहे. मावशीच्या मातीला आला होता.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहिला. आले, सुंठ, आंबेहळद, प्रमाणे, सगळे नीट. शेवटचा परिच्छेद त्या प्रश्नाचा आणि गाडीचा होता. जागा कमी पडली. संपादकाने विचारले, काय काढू? मी म्हणालो, शेवटचा काढा. अंक हातात पडायच्या आधी मावशीने फोनवर विचारले होते, "ते गाडीचं लिवलंस न्हवं?" मी म्हणालो, लिहिलंय. तिला वाचता येत नव्हते... संपतने त्या लेखाला चौकट करून तो सोप्यात टांगला.

त्या सकाळी काय झाले ते मला संपतच्या बायकोने, छायाने सांगितले. सासूला ती आत्या म्हणायची. मावशी भांडी घासताना थांबली, घामाने भिजली, आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "संपत, गाडी काढ." छायाने सांगताना स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवला. अख्खा तळहात. संपत म्हणाला, "आये, गॅस असंल. आदी रस घे, मग बघू. तुझंच तर औषध, पेपरात आलंय." तो आत जाऊन आले ठेचू लागला. गाडी दारात उभी होती, कराड वीस मिनिटांवर. "म्या दोनदा किल्ली हातात दिली त्यांच्या," छाया म्हणाली. "म्हनले, तुला काय कळतंय?" मावशीने रस घेतला आणि ओकला. पाऊण तासाने गाडी निघाली. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "इतका वेळ काय करत होता?"

संपतने आईचे तीन शब्दही ऐकले नाहीत, आणि वर तिच्या मरणाचा दोष तिच्याच माथी मारला. त्याला त्यासाठी लागणारा कागद मी दिला होता.

परवा मी संपतकडे गेलो असताना कडेगावकडचा एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. मावशी गेल्याचे त्याला ठाऊक नव्हते. खिशात माझ्या लेखाचे कात्रण. म्हातारीने न विचारताच बेंबीच्या वर बोट टेकवले, "हितं फुगल्यागत हुतंय गं, काल पावट्याची उसळ लय झाली." मावशी असती तर एव्हाना सोलायला बसली असती. संपत सवयीने उठला. छाया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"न्हाई. ह्या घरात आता औषध मिळत न्हाई."

"अगं, साधं अपचन हाय," संपत म्हणाला.

"तुमी ठरवू नगा!"

म्हातारी ओशाळून उठली. मुलाने कात्रणाची घडी घालून पुन्हा खिशात ठेवली. मी त्याच्याकडून ते मागून घ्यायला हवे होते... घेतले नाही. छायाच्या मागे, चुलीशेजारी वाळूच्या कुंडीत मावशीने पुरून ठेवलेले आले होते. त्याला वीतभर कोंब आले आहेत. छाया त्याला पाणी घालते, पण आमटीत बाजारातून आणलेले टाकते.