गालिच्यावरची पेरणी

मी आयुष्यात एकदाच पेरणी केली आहे, आणि तीही गालिच्यावर.

जालन्याच्या एका तंत्रनिकेतनात मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. शहाणी मुलं तो तयार आणतात, वरून रंग देतात आणि पास होतात. मी आणि माझा जोडीदार पंकज राठी यांनी मात्र तो स्वतः करायचं ठरवलं : बॅटरीवर आपोआप चालणारं सोयाबीन पेरणी यंत्र! पंकजच्या घरचं बियाण्याचं दुकान, माझ्या घरची केदारखेड्याला शेती. म्हणजे बी विकणारा आणि बी पेरणारा एकत्र आले होते. यंत्र बनवता येणारा तेवढा कुणी नव्हता.

प्रोजेक्ट गेला की डिप्लोमा गेला, आणि डिप्लोमा गेला की लोखंडाच्या कारखान्यात कबूल झालेली माझी नोकरीही गेली. त्यात बी मोजून टाकणारा आमचा सेन्सर काही केल्या चालेना. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या सायकलची चेन काढून दिली. आम्ही तिनं चाक आणि बी सोडणारी चकती जोडून टाकली. चाक जेवढं फिरेल तेवढंच बी पडेल! मला त्या चेनची इतकी लाज वाटली की मी तिच्यावर पत्रा ठोकला आणि पत्र्यावर ‘ऑटोमॅटिक’ असं रंगवलं. अण्णा त्या दिवसापासून पायी शेतात जाऊ लागले.

परीक्षेच्या दिवशी यंत्र पिकअपमध्ये चढलं आणि माय नारळ घेऊन आली. आमच्या घरी नारळाशिवाय काही सुरू होत नाही. पाण्याची मोटर, मिक्सर, एवढंच काय, माझा मोबाईलसुद्धा. (मोबाईलला नारळ नुसता दाखवला होता.) मी तिला उभ्या उभ्या एक व्याख्यान दिलं. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे, याला पाणी चालत नाही, वगैरे.

"मंग ती मोटर बोअरच्या पाण्यात कशी चालती?" मायनं विचारलं.

तीन वर्षांच्या तांत्रिक शिक्षणानंतर मी एवढंच म्हणालो, "ते वेगळं असतं."

नारळ पिशवीत परत गेला. यंत्राला फक्त कुंकू लागलं. माय आणि अण्णा माझ्यासोबतच जालन्याला आले.

आमच्या प्राचार्यांना समारंभाचा फार सोस. पाण्याचा कूलर बसवला तेव्हा तीन भाषणं झाली होती. पाणी पुढच्या सत्रात आलं. या वेळी त्यांनी साध्या तोंडी परीक्षेचं ‘प्रदर्शन’ करून टाकलं होतं. व्हरांड्यात मंडपवाल्याकडचा लाल गालिचा अंथरला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांना भर मे महिन्यात शाल पांघरली होती. प्राचार्य त्यांना घेऊन आमच्या यंत्रापाशी आले आणि त्यांना कुंकू दिसलं.

"अरे वा, पूजा झाली! मग नारळ?"

मी तोंड उघडलं. समोर प्राचार्य होते, म्हणून मिटलं. त्यांनी सत्काराच्या ताटातला नारळ उचलला, दगडासाठी इकडेतिकडे पाहिलं, आणि दगड नाही म्हणून आमच्या यंत्राच्या लोखंडी कडेवर आपटला. कडेच्या बरोबर खाली सर्किटची पेटी होती. टाळ्या झाल्या. गर्दीतून मायनं माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर परवडलं असतं.

आणि यंत्र आपणहून सुरू झालं!

"बघा, बघा, आपोआप!" प्राचार्य परीक्षकांना म्हणाले.

यंत्र त्यांच्या बुटावरून पुढे गेलं. मी मागे धावलो, अण्णा माझ्या मागे.

"बटन बंद कर की," अण्णा धावता धावता म्हणाले.

"केलंय."

"मंग?"

"मंग चालूनच राह्यलंय!"

यंत्राचा फाळ भाड्याच्या गालिच्यात सरळ तास, म्हणजे पेरणीची रेघ, पाडत होता आणि तासात सोयाबीन पडत होतं. त्यात पंकजला सांडलेलं बी बघवत नाही. तो दुकानदाराच्या निष्ठेनं मागून एकेक दाणा वेचत खिशात भरू लागला. गालिचा संपला तरी यंत्र थांबलं नाही; पायरी उतरून ते प्राचार्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात घुसलं. तिथं अण्णांनी सुटलेल्या वासराला धरावं तसं त्याला मिठी मारून धरलं आणि बॅटरीची वायर उपटली.

मला कारखान्याचं फाटक बंद होताना दिसायला लागलं.

परीक्षकांनी शाल काढून प्राचार्यांच्या हातात दिली, टेप मागवला आणि ते गालिच्यावर उकिडवे बसले. "या तासाच्या मागच्या अर्ध्या भागातलं बी कुठं गेलं?"

"सर, खिशात," पंकज म्हणाला.

उरलेल्या अर्ध्यातले दाणे त्यांनी मोजत नेले. "एवढं सुसाट पळालं, तरी दोन दाण्यांतलं अंतर सारखंच आहे. सेन्सर कोणता वापरला?"

मी एखादं भारदस्त इंग्रजी नाव शोधत होतो. तेवढ्यात अण्णा वाफ्यातून म्हणाले, "सायकलची चेन हाय साहेब. माही."

परीक्षकांनी ‘ऑटोमॅटिक’चा पत्रा वाकवून आत पाहिलं. मग त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला, की ही चेन झाकली कशाला? तेवढाच मला आला नाही. बाकीचे गुण मिळाले. नोकरी लागली आणि पहिली खरेदी म्हणून अण्णांच्या सायकलला नवी चेन आणली. तिच्यावर मी काहीही रंगवलं नाही.

प्रमाणपत्र घ्यायला गेलो तेव्हा माय आणि अण्णा दोघंही हौसेनं सोबत आले. माळ्यानं इमानदारीत पाणी घातल्यामुळे प्राचार्यांच्या गुलाबांमध्ये सोयाबीनची ओळ टरारून उगवली होती. शेजारी पाटी होती : ‘फुले तोडू नयेत.’

"बरं झालं मी नारळ फोडला न्हाई," माय म्हणाली. "जलमभर बोलला असता मला."

अण्णा वाफ्यापाशी वाकले. रोपांमधलं अंतर वितीनं मोजलं, पुन्हा मोजलं आणि समाधानानं माझ्याकडे पाहिलं. माझी छाती जराशी फुगली.

"तुह्या हातातून सुटलं," ते म्हणाले, "म्हणून बराबर पेरलं त्यानं."