भिंतवाला भाऊ

"जरा बाजूला व्हा. भिंत दिसत नाही."

हे म्हणताना ते डावा हात पुढे काढून, ताटावरची माशी हाकलावी तसा हळूच हलवायचे. डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात आणि बाहेर तेवढा तो हात. आमच्या नंदुरबारच्या गल्ल्यांत तो हात दिसला की माणसं, शेळ्या, एकदा तर वरातीतले वाजंत्रीसुद्धा मुकाट्याने भिंतीपासून लांब झाले होते. तुम्ही म्हणाल, माणसांना हाकलणारा फोटोवाला कुठे असतो का? आम्हीही हसून तेच म्हणत असू.

मूळचे ते रेल्वेचे. सुरतेकडून लाइन टाकत लोक आले, त्यांच्याबरोबर नकाशे काढायला हे आले. लाइन पुढे गेली आणि हे मागे राहिले. स्टेशनच्या रस्त्यावर एक खोली घेऊन त्यांनी दारावर 'फोटो काढून मिळतील' अशी पाटी लावली. बायको नाही, मूल नाही. अंगात रेल्वेचा जुना कोट आणि कोटाच्या खिशात गवंड्याचा ओळंबा. भिंत मनात भरली की आधी ओळंब्याची दोरी सोडून ती सरळ आहे का ते बघणार, मगच कॅमेरा उभा करणार. गावातले गवंडी त्यांना लांबून बघूनच वाट बदलत.

कोरीव खांब, लाकडी मोर, कमानीवरचे वेल यांचा त्यांना मनापासून कंटाळा. "काम वाकडं झालं की वर वेल काढतात," असं म्हणायचे. त्यांना आवडायची ती चुन्याची कोरी भिंत, दगडी पायऱ्या, छपराची तिरपी पडलेली सावली. स्टेशनवरची पाण्याची गोल टाकी तर त्यांनी इतक्या वेळा काढली की स्टेशनमास्तर म्हणाले, "हिचं लग्न ठरवताय की काय?"

मी तेव्हा नगरपालिकेत कारकून होतो. कचेरी सुटली की त्यांच्या खोलीत जाऊन बसायचा माझा परिपाठ होता, त्यामुळे बऱ्याच गोष्टी मी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

एका मारवाडी शेठजींनी नवी पेढी बांधली आणि घरच्या मंडळींचा फोटो काढायला यांना बोलावलं. सगळे नटूनथटून पायऱ्यांवर बसले. यांनी त्यांचा फोटो काढला की नाही देव जाणे. पण आठ दिवसांनी शेठजींच्या हातात पडला तो नुसत्या पायऱ्यांचा फोटो, आणि त्यांवर एक लांब सावली.

"यामा आम्ही कोठे शेत?" शेठजींनी विचारलं. इतकी वर्षं खानदेशात काढून ते आमच्यासारखंच बोलत.

"सावली तुमच्याच घराची आहे, शेठ," हे म्हणाले.

शेठजींनी तो फोटो बरीच वर्षं तिजोरीच्या मागे, तोंड भिंतीकडे करून टांगलेला होता.

मिरचीच्या एका व्यापाऱ्याचा तर जीवच उडाला. यांनी मालधक्क्याची शेड काढली, तेव्हा कोपऱ्यात त्याच्या मिरचीचा ढीग होता. फोटोत तो कोळशासारखा काळा आला. "मन्ही मिरची सडी गयी का?" म्हणत तो धावत आला. यांनी त्याला समजावलं, की या काचेला लाल रंग दिसतच नाही, लाल तेवढं सगळं काळं उमटतं. त्याने बाजारात जाऊन सांगितलं, "फोटोवालानी काच आंधयी शे." ते ऐकून हे खो खो हसले होते.

तेव्हा फोटो काचेवर निघायचा. काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं आणि काळं ते कोरं. तिच्यावरून मग कागदावर सुलटा फोटो छापायचा. भिंत काढताना कोणी मध्ये आलं की यांच्या लेखी ती काच बिघडली. पण टाकून कशी द्यायची? म्हणून त्यांनी खोलीच्या खिडकीची तावदानं या बिघडलेल्या काचांची केली होती. खोलीत अंधार राही, तो त्यांच्या कामाला सोयीचाच. मी कित्येक संध्याकाळी त्या खिडकीखाली बसलो, पण त्या काचांवर कोण आहे हे वर मान करून कधी पाहिलं नाही.

खिडकीसमोर एका टांगेवाल्याचं घर होतं. लहानसंच, पण त्याची भिंत गावात सगळ्यांत सरळ. त्याच्या बायकोने दिवाळीला चुना लावला की सकाळचं ऊन त्या भिंतीवर असं काही यायचं, की हे चहा टाकून बाहेर पडत. आणि ओट्यावर नेमकी तीच बसलेली असे. बाजारातून मिरची आणून देठं खुडायचं काम ती करी. मांडीवर सूप, अंगावर लाल लुगडं. तिची दोन लुगडी होती आणि दोन्ही लाल.

"जरा बाजूला व्हा."

ती सूप काखेला लावी, कमरेवर हात ठेवून उठे आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राही. यांना 'भिंतवाला भाऊ' हे नाव तिनेच दिलं.

"भाऊ, भिंत तुमले जेवाले वाढस का?"

"वाढत नाही. पण हलत पण नाही."

"एक डाव मन्हा बी काढा ना. मन्ही माय तळोदाले शे, तिले आते चालता येत नही. तिले दखाडसू."

"काढू, काढू. आज ऊन फार नामी पडलंय, तेवढं वाया जायला नको."

हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते पाठ आहे. ती रागवत नसे. उन्हाचा वेळ संपला की परत येऊन बसे आणि देठं खुडायला लागे. आणि हे खरंच काढणार होते. माणूस लबाड नव्हता. फक्त ऊन रोजच नामी पडायचं.

मग एका हिवाळ्यात घराघरांत उंदीर मरून पडू लागले. प्लेगाचं नाव निघताच गाव बाहेर पडलं. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या झोपड्या माळावर उभ्या राहिल्या. मारवाडी, गुजर, टांगेवाले, आम्ही कचेरीतले, सगळे एका रांगेत आलो. बंद घरांची कुलपं रोज बघून यायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हे मला म्हणाले, "मी येतो बरोबर."

मला वाटलं, सोबत म्हणून येतायत. त्यांनी कॅमेरा घेतला होता.

त्या सकाळचं गाव मी पुन्हा तसं पाहिलं नाही. बाजाराची पूर्ण लांबी एका नजरेत दिसत होती. ओट्यांच्या कडा, पायऱ्या, सावल्या, सगळं आखून ठेवल्यासारखं. गाडी नाही, ढोर नाही, वाळत घातलेलं कापड नाही. यांनी कॅमेरा उभा केला, डोकं कापडात घातलं, आणि सवयीने डावा हात बाहेर आला. "जरा बाजू..." म्हणून ते थांबले, कापडातून डोकं काढून माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. आता लिहिताना लाज वाटते, पण गाव मलाही त्या दिवशी देखणं वाटलं होतं. घरी मी हे कधीच बोललो नाही.

बरोबर आणलेल्या सगळ्या काचा त्यांनी संपवल्या. शेवटची टांगेवाल्याच्या भिंतीची. "इतकी वर्षं हेच मागत होतो," ते म्हणाले. परतताना रस्ताभर ते मुंबईला प्रदर्शनात फोटो पाठवायचे बेत करत होते. झोपड्या आल्या तरी त्यांचा आवाज खाली येईना.

टांगेवाला त्याच्या झोपडीबाहेर उकिडवा बसला होता. घोडा सुटून लांब चरत होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "रातपासून ताप शे तिले. काखमा गाठ उनी."

यांच्या खांद्यावर कॅमेऱ्याची तीन पायांची तिकटी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही की झोपडीत वाकून पाहिलं नाही. उभे राहिले, आणि मग निघून गेले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

उन्हं तापू लागली तशी साथ ओसरली. गाव परत आलं, पण जितकं गेलं तितकं नाही आलं. आणि मग आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात न आलेली गोष्ट झाली. लोक यांच्या दाराशी येऊ लागले. कोणाचा मुलगा गेलेला, कोणाची आई. सगळ्यांचं मागणं एकच: आमच्या गल्लीत तुम्ही एवढे फोटो काढलेत, त्यात आमचं माणूस असेल, ते द्या. बिचाऱ्यांना वाटायचं, कॅमेऱ्यापुढून जो गेला तो आत राहिला. हे प्रत्येकाला नाही म्हणत होते. नाही म्हणताना त्यांची मान वर होत नव्हती.

टांगेवाला सगळ्यांत शेवटी आला. त्याला सासूकडे तळोद्याला जायचं होतं.

"तिन्हा फोटू द्या, भाऊ."

"नाही रे."

"कसा नही? रोज तर काढेत. ती रोज तठेच बठेल ऱ्हाये."

 उत्तर देण्याआधीच यांची नजर खिडकीकडे गेली. उठून ते तावदानांपाशी गेले आणि एकेक काच बघत एका काचेशी थांबले. मीही गेलो. काचेवर भिंत काळी होती. तिच्यासमोर अर्धवट उठलेली एक बाई होती, आणि तिच्या लुगड्याच्या जागी काच कोरीच होती. त्या कोऱ्या जागेतून मला समोरचा खरा ओटा दिसत होता. ती काच किती वर्षं तिथे होती, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

त्यांनी ती काच काढून लगेच फोटो छापला. टांगेवाला तोवर बाहेर घोड्यापाशी उभा होता. फोटो हातात आल्यावर त्याने तो उन्हात धरला.

"लुगडं लाल व्हतं तिनं. आठे कायं दिखस," तो म्हणाला. मग बराच वेळ बघून म्हणाला, "पन तीच शे. उठताना असाच कमरवर हात ठेये."

सूप स्वच्छ आलं होतं. कमरेवरचा हात आला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर होता.

"तोंड काबरं नही?"

"ती हलली रे," हे म्हणाले.

"ती कोठे हालनी, भाऊ? तुम्हीच तर उठाडं तिले."

त्याने हे भांडायला म्हटलं नव्हतं. त्याला ती सकाळ आठवत होती, एवढंच. फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो गेला. हे दारात उभे राहिले.  मी चप्पल घालून घरी निघून आलो.

पुढच्या दिवसांत त्यांनी खिडकीची एकूण एक काच उतरवली. कोणाचा खांदा, कोणाची पाठ, भिंतीवर हात टेकलेलं एक पोर. ज्यांना जे ओळखू आलं ते त्यांनी छापून दिलं. लोक पाठीवरूनसुद्धा आपलं माणूस ओळखायचे. खिडकी उघडी पडली. मग त्यांनी रिकाम्या गावाच्या त्या काचा काढल्या, प्रदर्शनात जायच्या होत्या त्या. सोड्याच्या गरम पाण्यात घालून घासल्या, कोऱ्या केल्या आणि खिडकीला बसवल्या. मी म्हटलं, "एखादी तरी ठेवा." ते म्हणाले, "कोणाला दाखवू?"

त्यानंतर एकदाच त्यांना गल्लीत कॅमेरा लावताना पाहिलं. बाजाराचा दिवस होता, माणसांची गर्दी होती, आणि ते हात न हलवता नुसते उभे होते. पण तिकटी दिसताच कोणीतरी ओरडलं, "बाजूले व्हा, भाऊ फोटू काढी ऱ्हायना." आणि गर्दी दोन्हीकडे सरकली.

"राहा ना," हे म्हणाले. "तिथेच राहा सगळे."

"नको भाऊ," एक म्हातारी पाटी उचलत म्हणाली, "तुमनी भिंत झाकाई जाई."

समोर भिंत उरली. स्वच्छ, सरळ, सकाळच्या उन्हातली. त्यांनी दोनदा हात वर करून लोकांना बोलावलं. लोकांना वाटलं, अजून बाजूला व्हायला सांगतायत. ते आणखी मागे सरकले. यांनी तिकटी मिटवली.

थोड्याच दिवसांत ते गाव सोडून गेले. कुठे, ते मला ठाऊक नाही. सांगण्याइतके आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हतो. मला वाटतं, त्या सकाळी त्यांच्याबरोबर हसणारा मी एकटाच होतो, म्हणून त्यांना मी नकोसा झालो असेन. मलाही ते नकोसे झाले होते.

त्यांच्या खोलीत आता शिंप्याचं दुकान आहे. खिडकी तीच आहे. माप द्यायला उभा राहिलो की त्या धुतलेल्या काचांतून समोरचं घर लख्ख दिसतं. तीन पायऱ्या, ओटा, छपराची तिरपी सावली. मध्ये कोणी नसतं.