वाचल्याशिवाय अंगठा नाही

धुळ्याच्या कचेरीसमोर अर्ज लिहिताना, मजकूर वाचून दाखवल्याशिवाय मी कोणाचाही अंगठा घेत नाही, हे अभिमानाने नमूद करतो. त्या दिवशी सोनगीरच्या एका निराधार अक्कांचा पेन्शनचा अर्ज चालला होता. शेजारी बसलेल्याच्या मोबाईलवर लोकसभा चालू होती. पेन्शनला कात्री लावणारे खर्चकपातीचे विधेयक सकाळी मांडून दुपारीच मंजूर होणार होते.

आमच्या भागाचे, विरोधी पक्षातले खासदार उभे राहिले. “हे कोणी वाचलंय? वाचायला वेळ द्या, नाहीतर मी बसणार नाही!”

अक्का हसल्या. “भाऊ, हाऊ तं बठ्ठं तुनंच बोली राहिना!” खासदार सगळं माझंच बोलत होते खरे.

गोंधळात विधेयक मंजूर झाले; खासदार उभेच होते. राज्यसभा मात्र बाकी होती. मी नवा कागद घेतला आणि तेथील सभापतींच्या नावे अक्कांची हरकत लिहू लागलो.