डाव्या हाताची गाठ

"डावरी हायस नव्हं? मग हे समदं छाट," म्हणत चेकरनं माझं सूप उपडं केलं. दिवसभर वळलेल्या बिड्या फरशीवर पसरल्या. शेजारच्या बाया खाली बघत राहिल्या.

मी डावखुरी. त्यामुळे माझ्या बिडीच्या दोऱ्याचा वेढा उलटा पडायचा. ओढणाऱ्याला त्याचं काय? पण चेकरला निमित्त पुरायचं. छाट म्हणजे नापास बिडी, तिची मजुरी नाही. रीत अशी की छाट बिडी बाईच्या डोळ्यांदेखत मोडायची. हा मोडत नसे, गोणीत भरून न्यायचा. एकदा मी विचारलं, "मोडत का न्हाई?"

"ज्या हातानं ढुंगण धुतीस, त्या हाताची बिडी. तिला हात कोण लावंल?"

बाया हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

घरात मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता. मोठा झाल्यावर गिरणीत बदली कामगार झाला. भोंग्याला फाटकाशी जाऊन उभा राहायचा. काम मिळालं नाही की वस्तीतल्या गांजाच्या अड्ड्यावर. अड्डा काही चोरून चालत नव्हता. चौकीतला हवालदारच तिथं खुर्ची टाकून बसायचा, तक्रार करायची कुणाकडे? पोरगं माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेलं. मी रडले, आईची शपथ घातली. "अक्का, उद्यापासनं सोडतो की," म्हणायचा. लई गोड बोलायचा.

एकदा त्याचा सदरा धुवायला घेतला. खिशात एक बिडी. नाकाशी नेली तर गांजाचा वास. मोरीत फेकणार, तेवढ्यात दोरा दिसला.

वेढा उलटा.

माझी बिडी. गोणीतून अड्ड्यावर गेलेली छाट. आतली तंबाखू काढायची, गांजा भरायचा, तोंड पुन्हा मुडपायचं. मी वळायची आणि माझाच भाऊ ओढायचा. मी मोरीतच बसून राहिले. पाणी वाहून गेलं.

तो आल्यावर बिडी त्याच्यापुढं धरली. तो ती बोटांत फिरवत राहिला. मग उठून अड्ड्यावर गेला. "माज्या अक्काच्या हातची हाय ही," असं तिथं ओरडला म्हणे. अड्डेवाल्यांनी त्याला सळईनं मारलं. शेजाऱ्यांनी उचलून आणला तेव्हा धुगधुगी होती. दवाखान्याच्या दारात तीही गेली.

चौकीत बोलावलं. चेकर तिथं हवालदाराशेजारी चहा पीत बसलेला. हवालदारानं कागद पुढं सरकवला.

"नशेत जिन्यावरनं पडला, असं लिवलंय. अंगठा दे."

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण एवढं कळत होतं. "साहेब, आमच्या वस्तीत जिनाच न्हाई."

"जास्ती बोलू नगंस. गांजाची बिडी तुज्या हातची हाय. तुलाच आत टाकीन." त्यानं शाई सरकवली. "डावा अंगठा."

डावा. जन्मभर ज्या हाताला नावं ठेवली, तोच आता हवा होता. मी मूठ आवळली. त्यानं मनगट धरलं.

"ढुंगण धुयाचा हात हाय, साहेब. लावू नगा हात."

चेकरनं कप खाली ठेवला. हवालदारानं बोटांवर काठी हाणली. पुन्हा हाणली. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण मूठ उघडली नाही. तो कागद अंगठ्याविनाच राहिला.

भावाची माती झाल्यावर कामावर गेले. बोटं सुजलेली. चेकरनं सूप उपडं केलं. "छाट."

मी खाली बसले. एकेक बिडी उचलली आणि त्याच्यापुढं मोडली. या वेळी कुणी हसलं नाही.

भाऊ परत येत नाही, मला माहीत आहे. ही दोन बोटंही आता सरळ होत नाहीत. पण माझी छाट मीच मोडते. माझ्या हातची एकही धड बिडी त्या गोणीत जाणार नाही. आणि अंगठा मी देईन तो एकाच कागदावर. त्यात सळई लिहिलेली असेल, जिना नाही.